विसरवाडीत हायवेलगत जागा घेऊन बांधकाम करायचंय? परवानगी कुणाची लागते?

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं विसरवाडी हे सुरत-धुळे महामार्गावरचं गाव. नंदुरबार, शहादामार्गे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७५२-जी इथूनच फुटतो. दोन महामार्ग जिथे मिळतात तिथे ढाबा, टायरचं दुकान, लॉज, गोदाम, पेट्रोल पंप अशा सगळ्यांनाच जागा हवी असते. मग ‘रोड टच प्लॉट’च्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात आणि ‘एनए करून देतो’ म्हणणारे एजंटही भेटतात.

पण इथे एनएचा प्रश्न नंतर येतो. आधी बघायचं ते सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे.

आधी सातबारा

नवापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके संपूर्ण घेतले आहेत. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण क्षेत्राचा दर्जा तोच राहिला. विसरवाडी परिसरातल्या बहुतेक शेतजमिनी आदिवासी कुटुंबांच्या नावावर आहेत.

अशा जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ३६ आणि ३६-अ लागू होतं. ३६-अ हे १९७४ च्या दुरुस्तीने आलं. आदिवासी खातेदाराची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने बिगर आदिवासीकडे द्यायची असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. भाडेपट्टा किंवा गहाण पाच वर्षांपर्यंतचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते. बाकी सगळ्या व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांना राज्य सरकारची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यातही अट अशी की, त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा दुसरा कोणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, याची जिल्हाधिकाऱ्यांना खात्री पटली पाहिजे. हायवेलगतच्या जमिनीबाबत अशी खात्री पटवणं किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको.

आदिवासी व्यक्तीनेच आदिवासीची जमीन घेतली तर? तरीही कलम ३६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागतेच. आणि हा नियम फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. आदिवासी खातेदाराची जमीन राज्यात कुठेही असली, तरी तो लागू होतो.

अनुसूचित क्षेत्रात आणखी एक पायरी आहे. राज्यपालांना पाचव्या अनुसूचीनुसार कायद्यात बदल करण्याचा अधिकार असतो. त्याचा वापर करून २०१६ मध्ये ग्रामसभेची पूर्वमंजुरीही बंधनकारक झाली. २०१७ मध्ये रस्ते, रेल्वे, कालवे अशा महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी थेट खरेदीला त्यातून सूट मिळाली. म्हणजे ढाब्यासाठी जमीन घेताना ग्रामसभा लागते, पण महामार्गासाठी सरकारने वाटाघाटीने जमीन घेतली तर लागत नाही. गावातल्या अनेकांना हे खटकतं आणि ते समजण्यासारखं आहे.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला वेगळं वजन दिलं. महाराष्ट्राचे पेसा नियम ४ मार्च २०१४ रोजी आले. सरपंचाने सही केली किंवा मासिक सभेत ठराव झाला, म्हणजे ग्रामसभेची मंजुरी मिळाली असं होत नाही. गावातले मतदार बसतात ती ग्रामसभा. पेसात एखादा पाडाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो.

तुलनेसाठी इंग्लंडमधलं खेडं बघा. तिथे १९४७ च्या कायद्यापासून घर बांधायला किंवा जमिनीचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते. अर्जाची जाहीर नोटीस निघते, शेजारी लेखी हरकती देतात आणि गावच्या पॅरिश कौन्सिलचं मत मागवलं जातं. पण ते मत फक्त सल्ला असतो, निर्णय वरची कौन्सिल घेते. कागदावर पाहिलं तर जमीन कुणाकडे जाणार याबाबत विसरवाडीच्या ग्रामसभेला इंग्लंडच्या गावापेक्षा जास्त अधिकार आहे. मात्र तिथे कोणाचा अर्ज आलाय हे गावाला आधी कळतं. इथे बऱ्याचदा जेसीबी आल्यावर कळतं.

मग बांधकामाची परवानगी

जागा गावठाणात आहे की बाहेर, यावर पुढचं ठरतं.

गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा कागद नव्हे. ती करआकारणीची नोंद आहे. गावठाणातल्या घरांना मालकीची मिळकत पत्रिका मिळावी म्हणूनच ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली.

गावठाणाबाहेरची जमीन शेतीची असते. तिचा वापर बदलायला संहितेच्या कलम ४४ नुसार बिनशेती परवानगी घ्यायची पद्धत आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्या जमिनीला कलम ४२-ड ने सवलत दिली आहे. तिथे वेगळी बिनशेती परवानगी न घेता आकारणी भरून काम होतं. बांधकाम कसं असावं, म्हणजे किती मजले, किती मोकळी जागा, किती रुंद रस्ता, हे डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली ठरवते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बिनशेती आदेश जमिनीचा वापर बदलतो. जमीन कोण घेऊ शकतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘एनए झालंय, आता कोणीही घेऊ शकतं’ असं सांगणाऱ्याकडे कलम ३६-अ ची मंजुरी लेखी मागा.

छोटे प्लॉट पाडून विकणाऱ्यांना तुकडेबंदी कायदाही आडवा येतो. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे.

हायवेला लागून असल्याचा फायदा जाहिरातीत दिसतो, मर्यादा दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून साधारण ४० मीटरपर्यंत गावाबाहेर इमारत चालत नाही आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण असतं. पंपाला किंवा हॉटेलला रस्त्यावरून वाट काढायची तर महामार्ग यंत्रणेची वेगळी परवानगी लागते.

वनहक्काचा पट्टा असेल तर

तालुक्याच्या डोंगराळ भागात अनेकांकडे २००६ च्या वनहक्क कायद्याचे पट्टे आहेत. ही जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही आणि हस्तांतरितही करता येत नाही. इथे मंजुरी घेऊन खरेदी करण्याचा मार्गच नाही.

तरीही व्यवहार होतात ते कसे?

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून, कुलमुखत्यारपत्र घेऊन, ‘९९ वर्षांचा करार’ करून किंवा ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर खरेदी दाखवून. पैसे देणाऱ्याला वाटतं जमीन आपली झाली. जमीन देणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा बाजारभावाच्या मानाने फार थोडी रक्कम पडते, कारण ‘कागद कच्चा आहे’ हेच भाव पाडण्याचं कारण बनतं.

पण अशा व्यवहाराला कायद्याचं संरक्षण नाही. जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावरून चौकशी करू शकतात आणि जमीन मूळ आदिवासी खातेदाराला परत देण्याचा आदेश काढू शकतात. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींसाठी वेगळा प्रत्यार्पण कायदा आहे. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना खटल्यात तो वैध ठरवला.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन थेट खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देता यावी असा बदल करण्याची घोषणा केली. त्यावर आदिवासी संघटनांनी आक्षेप घेतला. भाडं नियमित मिळेल, असं समर्थक म्हणतात. विरोधकांचं म्हणणं असं की भाडेपट्टा संपल्यावर लॉज उभं असलेली जमीन पुन्हा नांगराखाली येत नाही.

आपल्या जमिनीचं काय झालंय हे तपासायचं असेल, तर आधी जुने फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे जमीन गेल्याची नोंद असेल, तर त्यामागे मंजुरीचा आदेश क्रमांक आहे का ते बघा. तो नसेल, तर जमीन परत मागण्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करता येतो.