अरेंजर कीबोर्ड

अरेंजर कीबोर्ड हे विजेवर चालणारे स्वरपट्टीचे वाद्य आहे. वादक डाव्या हाताने जो स्वरसंघ, म्हणजेच कॉर्ड, धरतो त्यानुसार हे वाद्य ताल, खर्ज आणि इतर वाद्यांची साथ आपोआप पुरवते. उजव्या हाताने वादक मुख्य चाल वाजवतो. महाराष्ट्रात लग्नसमारंभातील वाद्यवृंद, भजनी मंडळे, मेळे आणि भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण यांत या वाद्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. ध्वनीचा दर्जा सुधारत असला तरी साथीची मूळ पद्धत फारशी बदललेली नाही, अशी टीका या वाद्यप्रकारावर केली जाते.

इतिहास

आपोआप वाजणाऱ्या साथीची कल्पना विद्युत् ऑर्गनमधून आली. १९५९ साली वुर्लिट्झर या अमेरिकी कंपनीने ऑर्गनवादकाला तालाची साथ देणारे ‘साइडमॅन’ हे यंत्र बाजारात आणले. १९८० साली कॅसिओने ‘कॅसिओटोन २०१’ हा कीबोर्ड सादर केला आणि घरगुती वापराच्या कीबोर्डांचा प्रसार सुरू झाला. १९८३ साली मिडी ही प्रमाण पद्धत प्रचारात आली. त्यामुळे एका वाद्याच्या सूचना दुसऱ्या वाद्याला समजू लागल्या. १९८८ सालचा रोलँड ई-२० आणि १९९३ सालचा कॉर्ग आय३ हे आधुनिक अरेंजर कीबोर्डच्या घडणीतील महत्त्वाचे टप्पे मानले जातात.

रचना

साथीच्या तयार आराखड्याला ‘स्टाईल’ म्हणतात. प्रत्येक स्टाईलमध्ये आरंभ, मुख्य भागाचे काही प्रकार, भरणीचे लहान तुकडे आणि समारोप असे विभाग असतात. यामाहाच्या पद्धतीत हे तुकडे सामान्यतः एका ठरावीक स्वरसंघात नोंदवलेले असतात. वादकाने दुसरा स्वरसंघ धरला की नियमांच्या तक्त्यानुसार त्यातील स्वर बदलले जातात. तालाची आवर्तने मात्र नोंदवल्याप्रमाणेच फिरत राहतात. वादक बटणाने लय कमीजास्त करू शकतो, भरणी टाकू शकतो किंवा ताल थांबवू शकतो. परंतु यंत्र गायकाचे गाणे ऐकून स्वतःहून ठेका बदलत नाही.

नवकल्पनांचा वेग

यामाहाच्या सर्वोच्च श्रेणीतील कीबोर्डांवरून या बदलांचा वेग लक्षात येतो. टायरोस २००२ साली आला. त्याच्या पुढील आवृत्त्या २००५, २००८, २०१० आणि २०१३ साली निघाल्या. त्यानंतर २०१७ साली जेनोस आणि २०२३ साली जेनोस २ सादर झाला. म्हणजे दोन ते तीन वर्षांचे अंतर आधी चार आणि नंतर सहा वर्षांवर गेले. या काळात एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या १२८ वरून २५६ झाली, ध्वनिनमुने अधिक खरे वाटू लागले आणि स्पर्शपटल आले. स्वरसंघ ओळखून नोंदवलेला तुकडा फिरवण्याचे तत्त्व मात्र तेच राहिले.

या संथपणाची अनेक कारणे सांगितली जातात. टेक्निक्स आणि जनरलम्युझिक या कंपन्या या क्षेत्रातून बाहेर पडल्याने स्पर्धा कमी झाली. वादकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या स्टाईल नव्या वाद्यावरही चालाव्यात, अशी अपेक्षा असल्याने उत्पादक जुनी पद्धत मोडण्यास कचरतात. शिवाय रंगमंचावर वाद्य तत्काळ सुरू होणे आणि मध्येच बंद न पडणे याला वादक नावीन्यापेक्षा अधिक महत्त्व देतात. त्यामुळे हा संथपणा सर्वच वादकांना दोष वाटत नाही.

भारतीय वापर

भारतासाठी यामाहाने पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओने ‘आयएन’ अक्षरे जोडलेले स्वतंत्र प्रकार काढले. त्यांत सतार, हार्मोनियम, तबला यांसारखे ध्वनी आणि भारतीय ताल असतात. पीएसआर-आय५०० मध्ये तानपुरा व तबल्याच्या साथीने सराव करण्यासाठी ‘रियाज’ ही सोय आहे. २०१९ साली यामाहाचा चेन्नईजवळील कारखाना सुरू झाला. तरीही उपलब्ध स्टाईलमध्ये चित्रपटगीते, भांगडा, दांडिया आणि भजन यांवर भर दिसतो. प्रादेशिक लोकतालांना त्यांत कमी स्थान मिळते.

धाराशिव जिल्ह्यातील लोकसंगीत आणि कीबोर्ड

धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून ही उणीव स्पष्ट होते. तुळजापूरची तुळजाभवानी आणि येरमाळ्याची येडेश्वरी या देवस्थानांमुळे जिल्ह्यात गोंधळ आणि आराधी गीतांची परंपरा जिवंत आहे. गोंधळ्यांच्या कदमराई आणि रेणुराई या दोन शाखांपैकी कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे उपासक असतात. संबळ, तुणतुणे आणि झांज ही गोंधळाची प्रमुख वाद्ये होत.

गोंधळात आधी देवतांना आवाहन केले जाते आणि पुढे आख्यान रंगते. निवेदन, संवाद आणि गाणे यांत सतत ये-जा होते. नायक बोलू लागला की संबळ थांबते किंवा मंद होते आणि भाव चढला की लय वाढते. म्हणजे येथे वाद्य गायकाच्या मागे जाते. अरेंजर कीबोर्डवर हा क्रम उलटतो. नोंदवलेला ठेका सुरू झाला की गायकालाच त्याच्या मापात राहावे लागते. शिवाय तुणतुण्याच्या एका धरलेल्या स्वरावर चालणाऱ्या गाण्यात स्वरसंघ बदलण्याची गरज क्वचितच पडते. त्यामुळे या वाद्याची सर्वांत प्रगत समजली जाणारी सोय तेथे फारशी उपयोगी पडत नाही.

ही अडचण वादक आपल्या परीने सोडवतात. काही जण संबळ किंवा हलगीचे ध्वनी मुद्रित करून वाद्यात भरतात, काही जण स्वतः स्टाईल तयार करतात, तर अनेक जण कीबोर्डवरील ताल बंद ठेवून ठेका ऑक्टोपॅडवर हाताने वाजवतात. मात्र स्वतःचे ध्वनिनमुने भरण्याची पुरेशी सोय बहुधा महागड्या प्रकारांतच असते. दुसरीकडे, एक कीबोर्ड अनेक वाद्यांचे काम करत असल्याने लहान कार्यक्रमांचा खर्च कमी होतो. त्याच कारणाने संबळ आणि तुणतुणे वाजवणाऱ्यांच्या उत्पन्नावर परिणाम होण्याचा धोकाही असतो.

तुलना

अरबी संगीतासाठी यामाहाने पीएसआर-ए५००० सारखे स्वतंत्र प्रकार काढले असून त्यांत पाव स्वराच्या अंतराची जुळणी करता येते. भारतात १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि पुढे त्यांच्या राडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तबलाही आणला. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली. स्थानिक संगीताच्या गरजेतून वाद्याची मूळ रचनाही बदलता येते, हे या उदाहरणांतून दिसते. गायकाची लय ओळखून तिच्यामागे जाणारी साथ ही अरेंजर कीबोर्डकडून लोकसंगीताची प्रमुख अपेक्षा आहे.