२५ यू.पी.

वणीच्या आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर एक चपटी बाटली असायची. आजी तिच्यात जवसाचं तेल ठेवायची. बाटली मुळात कशाची आणि घरात आली कुठून, हे कुणी विचारत नसे. (आपल्या घराण्यात दारू कुणी घेत नाही, हे नातेवाईकांना ठाऊकच आहे. ज्या एका काकांची तुम्हाला आत्ता आठवण झाली, त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाहीये.) तेल झिरपून लेबल पारदर्शक झालं होतं, पण कोपऱ्यातले इंग्रजी अक्षर-आकडे वाचता येत: २५ यू.पी.

मी तेव्हा चौथीत असेन. आबाजींना विचारलं, "ही बाटली उत्तर प्रदेशातून आली का?"

"हो ना," आबाजी म्हणाले, "पंचवीस नंबरच्या गाडीनं." आणि मिशीतल्या मिशीत हसले. पुढची कितीतरी वर्षं मला ते खरंच वाटत होतं.

यू.पी. म्हणजे 'अंडर प्रूफ'. २५ यू.पी. म्हणजे प्रूफपेक्षा २५ अंश खाली, म्हणजेच ७५ अंश प्रूफ. मग प्रूफ म्हणजे काय? गोष्ट अशी सांगतात की जुन्या काळी इंग्लंडात दारू बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवून बघत. पेटली तर दारूत दम आहे हे 'सिद्ध', नुसतीच फुसफुसली तर पाणी जास्त. (बंदुकीची आणि प्यायची, दोन्हींना मराठीत दारूच म्हणतात, त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझी भंबेरी उडाली.) पण अशा चाचणीवर कर कसा लावणार? बारूद दमट असेल तर चांगली दारूही नापास! म्हणून हायड्रोमीटर आला. बार्थोलोम्यू साईक्स या इंग्रज अबकारी अधिकाऱ्याचं उपकरण ब्रिटिश संसदेने १८१६ साली कायद्याने लागू केलं. तोवर साईक्स वारून तेरा वर्षं झाली होती. व्याख्याही ठरली: ५१ अंश फॅरनहाईटला ज्या स्पिरिटचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरतं, ते प्रूफ स्पिरिट.

५१ फॅरनहाईट म्हणजे साधारण साडेदहा सेल्सियस. वणीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो! त्यामुळे इथल्या अबकारी माणसाला उपकरणासोबत तापमानाच्या दुरुस्तीचे तक्ते बाळगावेच लागायचे.

प्रूफ स्पिरिटमध्ये आकारमानाने सुमारे ५७.१५ टक्के अल्कोहोल असतं. त्याचे पाऊण करा: ४२.८६. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर जो विचित्र आकडा दिसतो, ४२.८% व्ही/व्ही, त्याचं मूळ हे. सरळ ४० किंवा ४५ का नाही, याचं दुसरं काही कारण नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती मापाचा तो पाऊण हिस्सा आहे, इतकंच. व्ही/व्ही म्हणजे आकारमानाला आकारमान, १०० मिलीत ४२.८ मिली अल्कोहोल. ब्रिटनने स्वतः १९८० च्या १ जानेवारीपासून प्रूफ सोडून टक्के धरले. आपल्या राज्याचं उत्पादन शुल्क मात्र अजून 'प्रूफ लिटर'वर मोजतात.

अमेरिकेतल्या भावंडांसाठी एक सूचना. तुमच्याकडे प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. तुमची ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. आपली ७५ प्रूफ त्यापेक्षा कडक असते. सुट्टीत आल्यावर "इंडियन माल लाईट असतो" म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तर हा आकडा आपल्या भागात आला कसा? इंग्रजी अमदानीत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव होतं 'वून', म्हणजे आमची वणी. १९०५ साली ते बदलून यवतमाळ झालं. (याचं दुःख वणीकर अजून करतात. लोकनायक बापूजी अणे वणीत जन्मले, पण तेही यवतमाळचेच म्हणून ओळखले जातात.) इथे मोहाची झाडं भरपूर. फुलं चैत्रात टपटप पडतात, आणि त्यांची दारू करायला कुणाच्या हायड्रोमीटरची गरज नव्हती. धार किती वेळ धरायची, पहिलटाची कुठली आणि मागची पांचट कुठली, हे गाळणाऱ्याला चवीवरून कळे. सरकारही आधी गावोगावच्या भट्ट्यांचा लिलाव करून मोकळं व्हायचं. दारू किती कडक याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढे हळूहळू गावच्या भट्ट्या मोडून डिस्टिलरीतून ठरलेल्या ताकदीचा माल देण्याची पद्धत आली. आता कर ताकदीवर, म्हणून ताकद मोजणं आलं. आकडा जन्मला तो तिजोरीसाठी. पिणाऱ्याने तो वाचावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

मग स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा. विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर १९५९ साली तो इकडेही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची सरकारमान्य बाटली आली. आजीच्या फळीवरची बाटली त्यानंतरचीच असणार.

हे सगळं मी हौसेने वाचत होतो, थोडं गमतीनेच. मग एप्रिल २०२१ आला.

कोरोनाची दुसरी लाट, दुकानं बंद. त्यात वणीची भूगोलाने आधीच पंचाईत केलेली. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, तिथे २०१५ पासून दारूबंदी. एरवी तिकडचे लोक इकडे यायचे, आता इकडेही कुलूप. वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन गेले. हातावर पोट असलेली माणसं. बातम्यांत आलं होतं की ३० मिली सॅनिटायझर २५० मिली दारूइतकं चढतं असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ५ लिटरचा कॅन मिळवून ते बसले.

त्या रात्री मी पुण्यात कागद घेऊन बसलो. सॅनिटायझर ८० टक्के धरा. ३० मिलीत २४ मिली अल्कोहोल. २५० मिली दारूत, ४२.८ टक्क्यांनी, १०७ मिली. अगदी शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल असतं तरी ३० मिलीत ३० च. म्हणजे हिशेब मुळातच खोटा. उलट बाजूने बघा. १८० मिलीच्या पव्व्यात ७७ मिली अल्कोहोल असतं. ८० टक्क्यांच्या ५ लिटरच्या कॅनमध्ये ४ लिटर, म्हणजे पन्नासहून जास्त पव्वे. एवढी पाचवी-सहावीची शेकडेवारी. हे लिहिताना मला शहाणपण मिरवायचं नाहीये. ज्याला लेबल वाचता येतं त्या माझ्यासारख्यानेही तोवर हे गणित कधी केलं नव्हतं. कडक बिअर ८ टक्क्यांची असेल तर तिच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं, दोन लार्ज पेगांएवढं. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

पण गणित बरोबर आलं असतं तरी ते वाचले असते का, हे मला सांगता येत नाही. कारण टक्का 'किती' ते सांगतो, 'काय' ते नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल इथेनॉल असू शकतं, आयसोप्रोपिल असू शकतं. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला बाजारातल्या कितीतरी सॅनिटायझरांत मिथेनॉल सापडलं होतं. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. आणि साईक्सच्या उपकरणाला यातलं काहीही ओळखता येत नाही. ते फक्त घनता मोजतं, इथेनॉलची ०.७८९, मिथेनॉलची ०.७९१. विषाच्या बाटलीत बुडवलंत तरी ते निमूटपणे आकडा दाखवील.

मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरची दारूबंदी उठवण्याचा निर्णय झाला. वणीच्या त्या सात जणांनंतर महिन्याभराने.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा फळीवरची बाटली शोधली. आजी गेल्यावर वहिनीने स्वयंपाकघर नवीन केलं, त्यात ती कुठेतरी गेली. जवसाचं तेल आता प्लास्टिकच्या कॅनमध्ये असतं. ५ लिटरच्या. कॅनवर काही लिहिलेलं नाही. वहिनीला म्हटलं, "यावर नाव लिहून चिकटव." ती म्हणाली, "भाऊजी, घरात सगळ्यांना माहीत आहे त्यात काय आहे ते."

मी तरी कागद फाडून चिकटवलाच.