अंकांशी न जुळणारी मुले

माळवा, ग्वाल्हेर आणि बडोद्यास आपली जी घराणी स्थिरावली, त्यांतील पुष्कळांचा उदरनिर्वाह लेखणीवर आणि हिशेबावर चालला. फडणीस, पोतनीस, कारकून अशी पदे सांभाळणाऱ्या घरांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे पाढे म्हणजे संस्कारच मानले जात. तिन्हीसांजेच्या परवच्यात ज्याची जीभ अडखळे, त्याच्या कपाळी ‘ढ’ हा शिक्का बसे. पुढे सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ते बडोदे संस्थानभर लागू केले. शाळेची दारे सर्वांना उघडली; अडखळणाऱ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र जुनीच राहिली.

ही दृष्टी बदलण्यास वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. मेंदूला इजा झाल्यावर काही रुग्णांचे बोलणे बरेचसे शाबूत राहते आणि आकडेमोड तेवढी हरपते, हे स्वीडिश मज्जातंतुतज्ज्ञ सालोमन हेन्शेन यांनी दाखविले व १९१९ च्या सुमारास या अवस्थेस ‘अकॅल्क्युलिया’ हे नाव दिले. गणन ही भाषेहून बरीचशी निराळी शक्ती आहे, हा त्याचा अर्थ. परंतु ज्याच्या मेंदूला कधी इजाच झाली नाही, अशा मुलाचे काय? त्याचे उत्तर पुढे आले ते ब्रातिस्लाव्हाहून. तेथील मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ६ टक्के मुलांत, एकंदर बुद्धी सामान्य असूनही, गणनाची जन्मजात अडचण त्यांना आढळली. डिस्कॅल्क्युलिया किंवा गणन-अक्षमता म्हणतात ती हीच.

अशा मुलाला सात आणि नऊ यांत मोठा कोणता, हेही चटकन उमगत नाही. घड्याळ, सुटे पैसे, उजवे-डावे यांत त्याचा गोंधळ उडतो. काल पाठ झालेला पाढा आज पुसला जातो. तेच मूल गोष्ट सुरेख सांगते, चित्र उत्तम काढते. म्हणूनच ‘लक्ष देत नाही’ हा आरोप त्याच्यावर सहज होतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतांत डिस्कॅल्क्युलियाचा नावानिशी उल्लेख केला. महाराष्ट्रात दहावीला खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची सवलत अशा विद्यार्थ्यांना त्याआधीपासूनच मिळत होती. तथापि कायदा परीक्षागृहापर्यंत पोहोचतो. घरातील ओसरीवर आपणच पोहोचले पाहिजे. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. चिंचोके, मणी, नाणी हाताळू देऊन संख्येचा अर्थ आधी रुजवावा, पाढे मागाहून. उत्तरास अवधी द्यावा, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा, आणि चारचौघांत उभे करून पाढे म्हणवून घेणे बंद करावे.

हिशेबात चोख म्हणून आपल्या पूर्वजांनी परमुलखात नाव मिळविले, त्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. त्या अभिमानाची किंमत घरातील एखाद्या मुलाने आपल्या आत्मविश्वासातून चुकती करावी, हा हिशेब मात्र आपल्याला मान्य नाही.