ओळंबा, डोंगर आणि आमची काळी माती



पुण्याच्या भाच्याने मध्यंतरी फोनवर एक प्रश्न विचारला. "मामा, सह्याद्री दर पावसाळ्यात इतका झिजतो, दरडी कोसळतात, नद्या गढूळ होतात. मग कोट्यवधी वर्षांत तो संपून कसा गेला नाही?" मी आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. चांगला प्रश्न आला की अजूनही हात खडूकडे जातो. आता खडू नाही, कीबोर्ड आहे, म्हणून इथेच लिहितो.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात मोठी मजेशीर आहे. ती एका ओळंब्यापासून होते. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तोच ओळंबा.

१८०२ साली विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासपासून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. त्रिकोणामागे त्रिकोण जोडत ही माणसे उत्तरेकडे सरकत गेली. बिदरजवळच्या दामरगिद्दापासून एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या दिशेने आणि तिथून पुढे मध्य हिंदुस्थानात सिरोंजकडे ही रेषा गेली. नकाशावर बिदर आणि अचलपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवून पाहा, म्हणजे ती आमच्या नांदेडच्या मुलखावरून कशी गेली ते कळेल. लॅम्टन १८२३ साली काम करता करताच आपल्या विदर्भात हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले. जगातल्या सर्वात उंच शिखराला ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे एव्हरेस्ट.

सिरोंजजवळचे कलियानपूर आणि दूर उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचे कलियाना, या दोन ठाण्यांमधले अंतर दोन रीतींनी काढले होते. एक जमिनीवर मोजून आणि दुसरे ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. फरक होता ५.२४ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरमध्ये एवढा फरक तो काय, असे आपण म्हणू. पण त्या माणसांना तो खपेना.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे पाद्री असले तरी गणितात पक्के होते. त्यांना वाटले, हिमालय एवढा मोठा, तो ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. ओळंबाच तिरपा झाला तर ताऱ्यांचे वेधही चुकणार. त्यांनी हिमालयाच्या ओढीचे गणित मांडले आणि उत्तर आले जवळजवळ १६ सेकंद! म्हणजे हिमालयाने ओळंबा जेवढा ओढायला हवा होता, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच ओढला होता. मग बाकीचा डोंगर गेला कुठे?

१८५५ साली जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने उत्तर सुचवले. डोंगर जमिनीवर नुसता ठेवलेला नसतो, तो तरंगत असतो. वर दिसतो त्याहून कितीतरी मोठा, हलक्या खडकाचा भाग खाली जड खडकात रुतलेला असतो. त्या हलक्या मुळामुळे त्याची ओढ कमी पडते. एका ओळंब्याच्या कुरकुरीतून माणसाला डोंगराची मुळे सापडली, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. गोदावरीत माल भरलेली नाव डोळ्यांपुढे आणा. काठावर पोती उतरवत गेलात की नाव हळूहळू वर येते. डोंगराचेही तसेच आहे. पाऊस आणि नद्या त्याची पोती उतरवतात आणि तो खालून वर उचलला जातो. ढोबळ हिशोबाने एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावरचा १०० मीटर खडक झिजून गेला, तर ८०-८५ मीटर खालून भरून येतात. आणि झीज फक्त दऱ्यांमध्ये झाली, माथे तसेच राहिले, तर माथे आधीपेक्षाही उंच होऊ शकतात. झिजल्यामुळे उंच होणे.... माणसांच्या बाबतीतही हे कधीकधी खरे असते, पण तो विषय पुन्हा केव्हातरी!

सह्याद्रीचेच पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. घाटातून जाताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात ऊन-पावसाने खालच्या खडकाची माती केली, तिचा तो पट्टा. म्हणजे पठार पुरते घडण्याआधीच हवामानाचे काम सुरू झाले होते.

त्यानंतर पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला. त्याचा एक तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटे. तुटलेली कड उचललेली राहिली आणि पठार पूर्वेकडे कलले. म्हणून त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी जवळचा अरबी समुद्र सोडून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. उचललेल्या कडेवर मोसमी वारे आदळले आणि पाऊस कोकणाच्या बाजूला ओतू लागला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सावित्री, वाशिष्ठी, उल्हास या आखूड पण तापट नद्यांनी ती कड कुरतडत समुद्रापासून मागे नेली. कुरतडली म्हणून वजन घटले, वजन घटले म्हणून कड आणखी उचलली गेली, उंच राहिली म्हणून पाऊस अडवत राहिली. डोंगर पाऊस आणतो आणि पाऊस डोंगर घडवतो, असे हे चक्र.

मग आधी काय? डोंगर उंच झाले म्हणून हवामान बदलले, की हवामान बदलले म्हणून झीज वाढून डोंगर उंच झाले? १९९० साली पीटर मोल्नार आणि फिलिप इंग्लंड या शास्त्रज्ञांनी हा वाद कोंबडी आधी की अंडे आधी अशाच शब्दांत मांडला. मॉरीन रेमो आणि विल्यम रडिमन यांचे म्हणणे होते की हिमालय-तिबेट उचलले गेल्याने खडकांची झीज वाढली, त्यात हवेतला कार्बन डायॉक्साइड खर्ची पडला आणि पृथ्वी थंडावली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. आपला काळा पाषाणही झिजताना हा वायू शोषतोच, आणि तो इतर पुष्कळ खडकांपेक्षा लवकर झिजतो.

आता मराठवाड्यातल्या माणसाने हे वाचून काय करायचे?

पहिली गोष्ट. आपले पठार म्हातारे आणि शांत, असे सगळेच धरून चालले होते. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात लातूरचा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून निजलेली किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. भारताचा भूभाग वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. हिमालय उचलणारा तोच रेटा आपल्या पायाखालच्या जुन्या भेगांवरही येतो. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभाग काढूनच टाकला. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे धक्के बसले, ते आम्हा नांदेडकरांनाही जाणवले. घर बांधताना हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. भोकर-किनवटकडचे डोंगर काय किंवा कंधार-मुखेडकडचा बालाघाट काय, हे मुळात त्या पठाराचेच, नद्यांनी कोरून उरलेले अवशेष. जे कोरले गेले त्यातले काही आपल्या शिवारात थांबले. ती आपली काळी माती. कापूस, ज्वारी, सोयाबीन सारे तिच्यावर. पण ती इथे मुक्कामाला आहे, वस्तीला नाही. आमची सुधा नदी पावसाळ्यात चहाच्या रंगाची होऊन भैंशाकडे जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. नांदेडच्या खाली तेलंगणात पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. त्याची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती. १९९४ च्या मोजणीत ती ९० टीएमसीच्या आसपास भरली. मधली जागा गाळाने घेतली. तो गाळ गोदावरीच्या साऱ्या खोऱ्यातला आहे, त्यात आपल्या बांधावरचाही वाटा आहे.

डोंगर झिजला तर त्याला खालून भरपाई मिळते. शेताला तशी मिळत नाही. खालून खडक वर येईल, माती येणार नाही. खडकाची बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उताराला सरळ तास काढलेल्या रानातून ती काही पावसाळ्यांत निघून जाते. आमच्या वडिलांच्या पिढीला प्रॅट-एअरी ठाऊक नव्हते, पण ते उताराला आडवे नांगरत आणि पेरणीआधी बांध नीट करत. आता ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून बांध फोडलेले मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते.

म्हणून भाच्याला सांगितले, सह्याद्रीची काळजी करू नकोस, तो स्वतःला सावरायला समर्थ आहे. त्याच्या पायथ्याशी घर बांधणाऱ्यांची आणि गावाकडच्या आपल्या रानातल्या बांधाची मात्र कर. यंदा उन्हाळ्यात येणार असशील तर ये, दोन टोपली माती टाकू.

असो. लेख लांबला. आपल्या भागातल्या डोंगरांबद्दल, नद्यांबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.