पिवळी चिठ्ठी विसरा

पाकिटातली ती चिकटवायची पिवळी चिठ्ठी आधी दाराबाहेर ठेवा. १९६८ साल लागलंय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सेंट पॉल, ३एम कंपनीची प्रयोगशाळा. परकायाप्रवेश करायचाय, तोही कुणा प्रतिभावंताच्या अंगात नव्हे. डिंकाच्या धंद्यातला बेताच्या बुद्धीचा रसायनतज्ज्ञ, हे आता तुम्ही. ‘यात नवल ते काय, कुणालाही सुचलं असतं’ हे ठरवताना पेटंटचा कायदा याच माणसाला विचारतो.

त्याला एक वर मात्र आहे: आपल्या विषयातलं आजवरचं सगळं त्यानं वाचलेलं असतं. भिंतीभर जुनी पेटंटं टांगलेली आहेत असं समजा. अ‍ॅक्रिलेटच्या चिकटपट्ट्या तिथे आहेत, पाण्यात ढवळून थेंबाथेंबानं बहुवारिक (पॉलिमर) करायची रीतही आहे.

आता याच प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांच्या सूक्ष्मदर्शकात डोकवा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे इवलेसे गोळे. दाबले की दबतात, सोडले की पुन्हा फुगतात. पृष्ठभागाला टेकतात ते ठिकठिकाणीच, म्हणून पकड लेचीपेची. कागद न फाटता सुटतो, पुन्हा लावला की पुन्हा धरतो.

भिंतीवरचं कोणतं पेटंट तुम्हाला इकडे ढकलतं? घट्ट धरणारा डिंक सगळ्यांनाच हवाय. सिल्व्हरही तोच शोधत होते. एक रसायन नेहमीपेक्षा जास्त घातलं आणि हे निघालं. चुकून निघालं म्हणून नाक मुरडू नका. शोध कसा लागला यावरून पेटंट अडवायचं नाही, हे अमेरिकेच्या १९५२ च्या पेटंट कायद्याच्या कलम १०३ मध्येच लिहिलंय.

तरी मन पुढच्या यशाकडे पळतंच. गंमत अशी, की १९६६ च्या ग्रॅहॅम खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच एक खिडकी किलकिली ठेवलीय: मालाला पुढे मिळालेलं यश पुरावा म्हणून चालतं. पण खपल्या त्या या डिंकाच्या पिवळ्या चिठ्ठ्या, पेटंट मागितलंय गोळ्यांचं. गोळे कागदालाच धरून राहावेत म्हणून वेगळा लेप लागला, तो दुसऱ्यांनी शोधला. म्हणून मी खपाला फार भाव देणार नाही. घरच्याच कंपनीला या डिंकाचं काय करावं ते वर्षानुवर्षं कळेना, हे मला जास्त बोलकं वाटतं. ज्याला गिऱ्हाईकच नाही, ते करायला साधा माणूस कशाला जाईल?

१२ सप्टेंबर १९७२ ला पेटंट मिळालं, क्रमांक ३६९११४०. चिठ्ठ्या चार शहरांत विकून बघितल्या गेल्या, त्या १९७७ मध्ये.