पत्त्यांच्या खटल्यातले तीन अपाय

मक्तेदारीने भाव चढतो, माल उतरतो आणि कारागिराच्या पोटावर पाय येतो. हे तीन अपाय एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडिताने १६१५ मध्ये आपल्या निकालवृत्तांत छापले. निमित्त होते खेळायच्या पत्त्यांचे.

१५९८ मध्ये एलिझाबेथ राणीने आपल्या खासगीतल्या एडवर्ड डार्सी नावाच्या मानकऱ्याला पत्ते बनवण्याचा, आयात करण्याचा आणि विकण्याचा एकट्याचा हक्क २१ वर्षांसाठी दिला. त्याने वर्षाला १०० मार्क भरायचे. असल्या सनदा राणीला सोयीच्या होत्या. पार्लमेंटकडे पैसे मागावे लागत नसत आणि चाकरांचे भागत असे. १६०१ च्या पार्लमेंटात सनदांची यादी वाचली जाऊ लागली, तेव्हा पावही त्यात आहे का, असे एका सभासदाने विचारले. राणीने काही सनदा मागे घेतल्या आणि बाकीच्यांचा निवाडा न्यायालयांवर सोडला.

टॉमस अ‍ॅलिन या लंडनच्या किरकोळ व्यापाऱ्याने सनद न मानता पत्ते विकले आणि डार्सीने त्याच्यावर दावा लावला. नोकरचाकर आणि शिकाऊ उमेदवार पत्त्यांपायी वेळ घालवतात, तेव्हा हा धंदा आवरण्याचा अधिकार राणीला असलाच पाहिजे, अशी डार्सीची बाजू होती. ती मांडणाऱ्या वकिलांत राणीचा अ‍ॅटर्नी जनरल म्हणून खुद्द कोक होता. १६०२ चा हा खटला डार्सी हरला. न्यायालयाच्या मते, एकाच माणसाच्या हाती पत्ते दिल्याने खेळणारे कमी होत नाहीत. शिवाय डार्सीला पत्ते बनवण्याची कलाच अवगत नव्हती. ज्याला हुन्नर नाही त्याला हक्क मिळाला आणि ज्यांना हुन्नर आहे त्यांना बंदी झाली, याला पुढे आपल्या वृत्तांत कोकच सनदेचा मोठा दोष मानतो.

तिसऱ्या अपायाला त्याने बायबलमधल्या जात्याच्या नियमाचा आधार दिला आहे. कर्जापोटी कुणाचे जाते गहाण ठेवून घ्यायचे नाही, कारण त्यावर त्याचा जीव जगतो. मला हा या खटल्याचा गाभा वाटतो. भाव आणि प्रत हे गिऱ्हाइकाचे प्रश्न झाले. इथे मात्र कायदा विकणाऱ्याच्या, हाताने कमावणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला.

१६२४ मध्ये पार्लमेंटाने मक्तेदारीविरोधी कायदा केला. नव्या शोधाला १४ वर्षांची सवलत दिली, आजच्या पेटंटचे मूळ त्यातच आहे. व्यापारी कंपन्या मात्र या कायद्यातून सुटल्या. १६८५ मध्ये टॉमस सँडीज या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध पत्त्यांचाच खटला पुढे केला, तेव्हा सरन्यायाधीश जेफ्रीज यांनी कौल कंपनीला दिला. ख्रिस्ती नसलेल्यांशी व्यापार करायचा तर राजाची परवानगी हवीच, असा त्यातला युक्तिवाद. तोवर मुंबई १७ वर्षे कंपनीच्या ताब्यात होती. आपल्याकडे जी मक्तेदारी आली, ती या अपवादाच्या दारातून.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ग)ने संपत्ती आणि उत्पादनाची साधने मूठभरांच्या हाती साचून समाजाचे अहित होऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. त्या तत्त्वाला धरून १९६९ मध्ये एमआरटीपी (मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा) कायदा आला. मक्तेदारी व्यवहाराची त्यातली व्याख्या वाचली की कोकचे पहिले दोन अपाय ओळखीचे वाटतात: भाव अवाजवी ठेवणे आणि मालाची प्रत घसरू देणे. कारागिराचा रोजगार त्या व्याख्येत नव्हता. तो घटनेत दुसरीकडे आहे, अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये, धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात.

हा हक्क घटना लागू झाल्यावर लगेच पणाला लागला होता, आणि तोही सरकारच्याच मक्तेदारीपुढे. उत्तर प्रदेश सरकारने बसवाहतूक आपल्या ताब्यात घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने विरोधात निकाल दिला आणि जून १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये भर घातली: नागरिकांना वगळून धंदा चालवण्याची सरकारला मुभा. १९५४ मध्ये सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, बसवाहतुकीचा राज्याचा कायदा या दुरुस्तीच्या आधीचा म्हणून, त्याला तिचे कवच दिले नाही. बंधन वाजवी आहे का हे तपासताना न्यायालयाने शेकडो बसमालकांची जाणारी उपजीविका आणि न मिळालेली भरपाई विचारात घेतली. तिसरा अपाय इथे पुन्हा न्यायनिर्णयात आला, याचे मला मोल वाटते. दुरुस्तीनंतरच्या कायद्यांना मात्र ती ढाल मिळाली.

ढाल कुठवर पुरते, हे ओरिसातल्या तेंदूपानांच्या खटल्यात ठरले. अकादशी पाधान यांच्या या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. सरकारी मक्तेदारी वैध ठरली. पण मक्तेदारी सरकारची असेल तर तिचा धंदाही सरकारसाठीच चालला पाहिजे. पाने गोळा करायला नेमलेल्या एजंटांना करारांनी स्वतःच्या नफ्यासाठी धंदा करू दिला होता. ती व्यवस्था न्यायालयाने टिकू दिली नाही.