नोंदवहीपासून विधेयकापर्यंत : अमेरिकेतील राज्ये आणि पारलिंगी नागरिक

अमेरिकेच्या संघराज्यात जन्ममृत्यूची नोंद, विवाह, शाळा, डॉक्टरांचे परवाने आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय प्रारंभापासून मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत राहिले आहेत. तिथल्या विधिज्ञांच्या भाषेत या अखत्यारीला ‘पोलीस पॉवर’ म्हणतात. तिचा पोलीस खात्याशी थेट संबंध नाही, तर लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, नीती आणि सर्वसाधारण हित यांसाठी नियम करण्याचा राज्याचा जो अंगभूत अधिकार, त्याचे हे नाव आहे, आणि केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, हे १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केले आहे. पारलिंगी व्यक्तींच्या, म्हणजे जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांचा मेळ नसलेल्यांच्या, रोजच्या आयुष्यात सर्वाधिक ढवळाढवळ केली ती याच अधिकाराने, आणि वेळप्रसंगी त्यांना आधारही दिला तो यानेच. शाळा, दवाखाना आणि मैदान यांविषयी गेल्या दशकभरात राज्याराज्यांत कायद्यांची जी लाट आली, ती अपूर्व वाटत असली तरी तिच्यामागचा अधिकार जुनाच आहे. नवे आहे ते इतकेच की, जे निर्णय पूर्वी निबंधक, डॉक्टर, मुख्याध्यापक किंवा क्रीडा संघटना एकेका प्रकरणापुरते घेत असत, ते आता विधिमंडळे सगळ्यांसाठी एकदम घेऊ लागली आहेत.

या अधिकाराचा पहिला बडगा नगरपालिकांच्या हातून पडला, कारण अमेरिकेत शहराची सत्ता ही राज्याकडूनच उतरलेली असते. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १८४८ मध्ये असा उपविधी केला की, आपल्या लिंगाचा नसलेला पोशाख घालून चारचौघांत वावरणे हा गुन्हा ठरेल. सॅन फ्रान्सिस्कोने १८६३ मध्ये नग्नता आणि अश्लील वर्तन यांच्या पंगतीत हीच बंदी बसवली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चाळीसहून अधिक शहरांत असे नियम झाले होते. पोलिसाला त्यांतून रस्त्यात कोणालाही हटकण्याचे निमित्त मिळाले, आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये कोलंबसचा उपविधी रद्द केला तोही माणुसकीच्या नव्हे, तर संदिग्धतेच्या मुद्द्यावर. बाई आणि पुरुष दोघेही सारखेच कपडे सर्रास घालू लागलेल्या काळात गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, हे सामान्य माणसाला कळण्याजोगे राहिले नव्हते.

राज्यांच्या विधिमंडळांनी या विषयाला प्रथम हात घातला तो जन्मनोंदीच्या बाजूने. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया करून घेतलेल्या क्रिस्टीन जॉर्गेन्सन या माजी सैनिक स्त्रीची बातमी डिसेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर छापली, तेव्हापासून ‘लिंगबदल’ हा शब्द अमेरिकी घराघरांत पोचला. परंतु प्रसिद्धीने कागद बदलत नाहीत. जॉर्गेन्सन यांना १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विवाहाचा परवाना नाकारला गेला, कारण त्यांच्या जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ असे लिहिलेले होते. त्याच्या चार वर्षे आधीच, १९५५ मध्ये, इलिनॉय राज्याने एक तरतूद केली होती : शस्त्रक्रियेमुळे लिंगाची नोंद बदलणे योग्य आहे, असे डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र आले की निबंधकाने नवा जन्मदाखला द्यावा. तिचे स्वरूप अगदी कारकुनी होते, त्यात हक्काची भाषा नव्हती की नीतीचे प्रवचन नव्हते, आणि कदाचित म्हणूनच ती टिकली. ॲरिझोनाने १९६७ मध्ये आणि लुइझियानाने १९६८ मध्ये आपापल्या परीने तीच वाट धरली. न्यूयॉर्क शहराने १९७१ पासून शस्त्रक्रिया झालेल्यांना लिंगाचा रकानाच नसलेला दाखला देण्याची मोठी नमुनेदार तडजोड काढली. उलट टेनेसीने १९७७ मध्ये कायद्यानेच ठरवून टाकले की, शस्त्रक्रियेच्या आधारे जन्मदाखल्यावरील लिंग बदलता येणार नाही. भारतात २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्यावर सोपवून देशभर एकच रीत घालून दिली. अमेरिकेत मात्र माणूस कोणत्या राज्यात जन्मला, यावर त्याचा दाखला आयुष्यभर अवलंबून राहिला. ही विसंगती तेव्हा कोणाला फारशी खुपली नाही. ती चाळीस वर्षांनी एका अनपेक्षित ठिकाणी, स्वच्छतागृहाच्या दाराशी, उभी राहणार होती.

वैद्यकीय क्षेत्रात विधिमंडळे या काळात गप्पच होती. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९६६ मध्ये लिंगओळखीचे चिकित्सालय उघडले आणि १९७९ मध्ये बंद केले. दोन्ही निर्णय संस्थेचे होते आणि दोन्ही वेळा वाद झाले ते मुख्यतः डॉक्टरांत. कोणाला उपचार द्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे डॉक्टरच ठरवत, आणि त्यांचे निकष पुष्कळदा कडक, क्वचित विक्षिप्तही असत.

खेळातला पहिला गाजलेला वाद न्यायालयात निकाली निघाला. नेत्रशल्यचिकित्सक आणि टेनिसपटू रेने रिचर्ड्स यांनी १९७५ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतल्यावर अमेरिकी टेनिस संघटनेने महिला खेळाडूंसाठी गुणसूत्रांची चाचणी पुढे केली. रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क कायद्याचा आधार घेऊन दावा लावला, आणि १९७७ मध्ये न्यायमूर्ती आल्फ्रेड अस्कियोनी यांनी केवळ त्या चाचणीच्या जोरावर त्यांना रोखण्यास मनाई केली. त्या वर्षीच्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत व्हर्जिनिया वेड यांनी त्यांना हरवले. दुहेरीत मात्र त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. या निकालामागे पारलिंगी हा शब्दही नसलेला, लिंगभेदाविरुद्धचा सर्वसाधारण कायदा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शालेय खेळांना १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या केंद्रीय कायद्याची चौकट होती. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या या कायद्याखालील नियमांनी मुलामुलींचे वेगळे संघ ठेवण्यास मुभा दिली. पण मुलगी कोणाला म्हणावे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे तो उभा राहिला तेव्हा राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांनी तो आपल्या नियमपुस्तिकेत हाताळला, आणि प्रकरणे इतकी थोडी होती की त्यावर निभावलेही.

शाळांबाबतचे पहिले कायदे संरक्षणाच्या बाजूचे होते. मिनेसोटाने १९९३ मध्ये आपल्या मानवी हक्क कायद्यात पारलिंगींना सामावून घेतले आणि तसे करणारे ते पहिले राज्य ठरले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये एक पाऊल पुढे टाकून, विद्यार्थ्याला आपल्या लिंगओळखीनुसार वर्गोपक्रम, संघ आणि स्वच्छतागृह निवडता यावे, असे कायद्यात स्पष्ट लिहिले. प्रशासनाच्या तारतम्यावर सोडलेली गोष्ट कलमात बांधण्याची सुरुवात अशी पाठिराख्यांनीही केली होती, हे निष्पक्षपणे नोंदवले पाहिजे. विरोधकांनी तेच हत्यार उचलले, आणि ते त्यांच्या हाती अधिक चालले.

मार्च २०१६ मधली नॉर्थ कॅरोलायनाची हकीकत त्या दृष्टीने तपशिलात पाहण्याजोगी आहे. शार्लट शहराच्या नगरपरिषदेने फेब्रुवारीत भेदभावविरोधी नियमांत लिंगओळखीचा समावेश केला. तो अमलात येण्याआधीच राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावले आणि २३ मार्च या एकाच दिवसात ‘हाउस बिल २’ मांडले गेले, दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि रात्री गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांची त्यावर सहीही झाली. शाळा आणि सरकारी इमारतींतील सामायिक स्वच्छतागृहे जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच वापरावीत, असा त्याचा गाजलेला भाग होता. ते न पाळणाऱ्याला शिक्षा काय आणि दाखला तपासायचा कोणी, याबद्दल मात्र कायद्यात अवाक्षर नव्हते. शिवाय दाखला जन्माच्या राज्याचा असल्याने इलिनॉयमध्ये जन्मलेल्याला एक दार आणि टेनेसीत जन्मलेल्याला दुसरे, असा चमत्कारिक परिणाम त्यातून निघत होता. १९५५ आणि १९७७ च्या नोंदणी तरतुदींना त्यांच्या कर्त्यांनी कधी कल्पिले नसेल असे वजन आले. याच कायद्याने शहरांचे भेदभावविरोधी नियम करण्याचे अधिकारही काढून घेतले, आणि किमान वेतनासारख्या ज्या गोष्टींचा स्वच्छतागृहाशी काडीचा संबंध नाही त्याही त्यात कोंबल्या. पेपाल कंपनीने शार्लटमधील ४०० नोकऱ्यांचा बेत रद्द केला, एनबीए या बास्केटबॉल संघटनेने २०१७ चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लीन्सला हलवला, नोव्हेंबरच्या निवडणुकीत मॅक्रोरी थोडक्या मतांनी पडले, आणि मार्च २०१७ मध्ये स्वच्छतागृहांचे कलम मागे घेण्यात आले. शहरांना मात्र तसे नियम नव्याने करण्यास डिसेंबर २०२० पर्यंत बंदीच राहिली.

त्यानंतर काही वर्षे हा विषय थंडावल्यासारखा दिसला. तो परत आला तो मैदानाच्या वाटेने, आणि या वाटेवर उद्योगांचा विरोध फारसा आडवा आला नाही. आयडाहोचे गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी ३० मार्च २०२० रोजी दोन विधेयकांवर सह्या केल्या : एकाने मुलींच्या आणि महिलांच्या संघांत पारलिंगी मुलींना मज्जाव केला, दुसऱ्याने जन्मदाखल्यावरील लिंग बदलणे जवळजवळ बंद केले. मैदान आणि नोंदवही यांची गाठ इथे उघडपणे बांधली गेली. पहिल्या विधेयकाच्या प्रवर्तक बार्बरा एहार्ट या स्वतः बास्केटबॉलच्या माजी प्रशिक्षक होत्या, आणि पौगंडावस्थेत पुरुष शरीराला मिळणारे बळ व वेग औषधांनी पुरते पुसले जात नाहीत, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पण एखाद्या खेळाडूबद्दल वाद उठला तर तिच्या जननेंद्रियांची रचना, टेस्टोस्टेरॉनची पातळी किंवा जनुके यांची तपासणी करून निकाल लावावा, असे त्यात लिहिले होते, आणि अशी शंका कोणत्याही मुलीवर घेता येत होती. केंद्रीय न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या कायद्याला स्थगिती दिली; तरीही पाच वर्षांत पंचवीसहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

युटातील प्रसंगाने या लाटेचे प्रमाण उघडे केले. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स हे रिपब्लिकन पक्षाचे. मार्च २०२२ मध्ये स्वपक्षाच्याच विधिमंडळाचे असेच विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवताना त्यांनी पत्रात आकडे मांडले : राज्यात शालेय खेळाडू ७५,०००, त्यांत पारलिंगी चार, आणि मुलींच्या खेळात भाग घेणारी एक. विधिमंडळाने काही दिवसांतच तो नकाराधिकार धुडकावला. संख्या लहान म्हणून तत्त्वाचा प्रश्न उरत नाही असे नाही, परंतु चार मुलांसाठी क्रीडा संघटनेचे तारतम्य पुरले नसते, हे कॉक्स यांच्या विरोधकांनी पटेल असे दाखवले नाही.

उपचारांवरील बंदीची सुरुवात आर्कान्सॉने केली. एप्रिल २०२१ मध्ये गव्हर्नर एसा हचिन्सन यांचा नकाराधिकार दुसऱ्याच दिवशी डावलून, अठरा वर्षांखालील मुलांना पौगंडावस्था लांबवणारी औषधे, संप्रेरके आणि शस्त्रक्रिया देण्यास तिथे मनाई झाली. अलाबामाने २०२२ मध्ये असे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरसाठी दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीसह प्रमुख वैद्यकीय संस्था या उपचारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दुसरीकडे इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या कॅस अहवालाने मुलांवरील या उपचारांमागचा पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले, आणि बंदीच्या समर्थकांनी तो अहवाल उचलून धरला. पुरावा अपुरा असेल तर वैद्यकशास्त्राची रीत सावधगिरीची असते आणि फौजदारी कायद्याची रीत बंदीची. राज्यांनी दुसरी निवडली.

हा वाद टेनेसीच्या २०२३ च्या अशाच कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयात पोचला. जी औषधे पारलिंगी मुलाला निषिद्ध ठरली, तीच अकाली वयात येऊ लागलेल्या बालकाला देण्यास कायद्याची हरकत नव्हती; म्हणजे हा भेद लिंगावरून झाला की आजारावरून, यावर सगळा खल होता. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्क्रमेटी’ या खटल्यात १८ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या वतीने लिहिले की, कायदा भेद करतो तो वय आणि औषधाचा उपयोग यांवरून, आणि असे धोरणप्रश्न लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी सोडवायचे आहेत. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांच्या मतभेदपत्रात हा भेद लिंगावरूनच असल्याचे प्रतिपादन होते. पुढच्याच महिन्यात आयडाहो आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्या क्रीडाकायद्यांवरील अपिले न्यायालयाने सुनावणीस घेतली.

निर्णय राज्यांकडे सोपवला म्हणजे तो पन्नास प्रकारांनी होणार, हे उघडच होते. एप्रिल २०२३ मध्ये नॉर्थ डकोटाने अल्पवयीनांच्या उपचारांवर बंदी घातली आणि त्याच महिन्यात शेजारच्या मिनेसोटाने बाहेरून उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना परराज्याच्या कारवाईपासून संरक्षण देणारा कायदा केला. फार्गो आणि मूरहेड ही जुळी शहरे रेड नदीच्या दोन काठांवर असूनही दोन कायद्यांत विभागली गेली. आयोवाने २००७ मध्ये दिलेले लिंगओळखीचे संरक्षण २०२५ मध्ये काढून घेतले, आणि दिलेला हक्क असा परत घेणारे ते पहिले राज्य झाले. मोंटानाची अल्पवयीनांच्या उपचारांवरील बंदी मात्र त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रोखून धरली, कारण त्या राज्याच्या १९७२ च्या घटनेत खासगीपणाचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. केंद्रीय घटनेचा दरवाजा बंद झाल्यावर वादी आता वळू लागले आहेत ते राज्यांच्या अशाच जुन्या घटनांकडे.